बार भरताना बोलायचं नाही

माझ्या सासऱ्यांकडे ठासणीची बंदूक होती, आणि ती चोरून-लपवून ठेवलेली नव्हती, तिचा रीतसर परवाना होता. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा गाव आहे, तिथे शेताची राखण करण्यासाठी सरकारने त्यांच्या वडिलांना तो दिला होता आणि नंतर तो सासऱ्यांच्या नावावर झाला. हे मी ऑफिसात सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग माझ्याशी थोडे दिवस जपून बोलायचे. त्याचा मला फायदाच झाला.

ठासणीची बंदूक म्हणजे काडतूस नसलेली. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सगळं लोखंडी गजाने ठासायचं. याला बार भरणं म्हणतात. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. तोवर ज्याच्यावर बार टाकायचा तो पिकाचं जेवण आटोपून, पाणी पिऊन घरी गेलेला असतो.

परवाना शेतीच्या राखणीचा असल्यामुळे त्याला एक साधी अट होती. शेत पाहिजे आणि शेतात पीक पाहिजे. सासऱ्यांची बाकीची जमीन त्यांच्या भावांच्या वाटण्यांत आणि बिल्डरच्या घशात गेली होती. उरला होता एक तुकडा, तिन्ही बाजूंनी टॉवर आणि चौथ्या बाजूला खाडीकाठची तिवरांची झाडं. पावसाळ्यात ते त्यात भात लावायचे आणि थंडीत वाल. टॉवरमधल्या लोकांना वाटायचं की तिथे बाग होणार आहे आणि काम रखडलंय.

माझ्या मेहुण्याला तो तुकडा बिल्डरला द्यायचा होता. त्याचं फार चुकत होतं असं मी म्हणणार नाही, त्याला दोन मुलं आहेत आणि त्याच्या घराचं छप्पर दर पावसाळ्यात गळतं. त्याने विषय काढला की सासरे म्हणायचे, शेत दिलं तर बंदूक जाईल. बरं, मग बंदूकच जमा करून टाका म्हटलं, तर म्हणायचे, बंदूक दिली तर शेत कोण राखणार? या दोन वाक्यांच्या मधे माझा मेहुणा कित्येक वर्षं अडकून पडला होता. बापाला उलट बोलण्याची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, आणि या युक्तिवादाला उत्तर तर कुठल्याच घरात मिळालं नसतं.

मी स्वतः रत्नागिरीकडचा. राहायला मिरा रोडला शांती नगरात, नोकरी भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात. बंदुकीशी माझा काडीचा संबंध नव्हता. सासूबाई गेल्यावर बायकोने मला दर रविवारी मुर्ध्याला पाठवायला सुरुवात केली. “अहो, तुम्ही नुसते जाऊन बसा त्यांच्याजवळ,” ती म्हणाली. “परवा बाबांनी मला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा तेच बोलले. दुसऱ्यांदा पण पहिल्यांदाच बोलतायत असं.” मी म्हटलं, माझी आई गेली वीस वर्षं हेच करतेय. पण गेलो. सासऱ्यांना बंदूक बाहेरून पुसून तेल लावताना समोर कोणीतरी बसलेलं लागायचं आणि मेहुणा बसत नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

दारू मुंबईतल्या एका परवानाधारक दुकानातून आणावी लागे. मी दोन-तीनदा बरोबर गेलो. दुकानदार डबा पुढे ठेवायचा. सासरे त्यातली चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळायचे, वास घ्यायचे आणि चेहरा पाडायचे.

“मंगची बरी व्हती,” ते म्हणायचे.

“चाचा, पिछली बार भी आपने यही बोला था,” दुकानदार म्हणायचा.

आणि ते खरंच होतं. गेल्या वेळी नाक मुरडून घेतलेली दारू नवीन डबा आला की एकदम उत्तम ठरायची. सासऱ्यांच्या आयुष्यात चांगली दारू कायम एक डबा मागे होती. घरी आणली की अंगणात कागदावर कणभर ठेवून पेटवून बघायची. कागद पांढरा राहिला तर दारू कोरडी, काळा पडला तर दमट. खाडीच्या हवेत मुर्ध्यात मीठसुद्धा कोरडं राहत नाही, त्यामुळे कागद नेहमी काळाच पडायचा. मग सासरे माझ्याकडे बघायचे, जशी काही दारू मीच बनवली आहे.

छर्ऱ्यांच्या बाबतीत त्यांची मतं आणखी पक्की होती. दुकानात छर्ऱ्यांना नंबर होते, पण सासऱ्यांनी ते कधी मानले नाहीत. त्यांच्याकडे तीन जाती होत्या: मोहरी, मसूर आणि वाटाणा. पोपटाला मोहरी. घुशीला मसूर. कोल्ह्याला वाटाणा, कारण तिवरांतून कोल्हे येतात आणि पूर्वी तिथे काकडी-कलिंगड असताना ते चाखून-चाखून नासाडी करायचे. तीन काचेच्या बाटल्यांत हे तीन छर्रे भरलेले असायचे आणि रविवारी त्या बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या जायच्या.

आता वस्तुस्थिती सांगतो. कोल्ह्याला मारणं कायद्याने गुन्हा. पोपटाला मारणं पण गुन्हा. घुस मारायला कोणाची हरकत नव्हती, पण ती रात्री येते आणि सासऱ्यांना रात्री दिसत नव्हतं. उरली कबुतरं. टॉवरमधली धार्मिक मंडळी त्यांना रोज सकाळी पोतंभर धान्य टाकायची, ते खाऊन कबुतरं वर तोंडी लावायला सासऱ्यांचा पेरलेला वाल उकरायची. पण टॉवरच्या खिडक्यांच्या दिशेने छर्रे उडवल्यावर काय झालं असतं ते सासऱ्यांनाही कळत होतं. त्यामुळे माझ्या काळात त्या बंदुकीतून एकही छर्रा सुटला नाही. तरीसुद्धा कशाला कुठला छर्रा, त्याच्याखाली किती दारू, बोळा काथ्याचा की कापडाचा, ही चर्चा आमच्यात दर रविवारी पूर्ण गांभीर्याने व्हायची. मी वाटाण्याच्या बाजूने बोललो की ते मसुराच्या बाजूला जायचे.

एकदा मी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक दाढीवाला परदेशी गृहस्थ घरच्या गॅरेजमध्ये बसून रायफलची काडतुसं हाताने भरत होता. त्याच्यामागे फळीवर दारूचे तीसेक डबे. प्रत्येकाचा दाणा वेगळा, जळण्याचा वेग वेगळा. बारीक टोकाच्या, हलक्या, जड, अशा गोळ्यांच्या डब्या वेगळ्या. तो दारू इतक्या नाजूक काट्यावर तोलत होता की ते बघून आमच्या कारखान्याच्या मालकाचे डोळे पांढरे झाले असते. सासऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते श्वास रोखून बघत होते.

“कनाला भरतो ह्यो येवरं?” त्यांनी विचारलं.

कशाला ते मी ऐकून सांगितलं, की त्यांच्याकडे कुरणात बिळं करणारा घुशीसारखा एक प्राणी असतो, त्याला मारायला.

“घुशीला?” सासरे म्हणाले. “बंगला हाय, गारी हाय, आनि मारतो घुशी?”

“हो.”

ते बराच वेळ त्या माणसाकडे आपुलकीने बघत राहिले. पण मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. तो गृहस्थ दारू ओतता ओतता कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी विनोद करत होता.

“ह्यो बोलतो,” सासरे म्हणाले. “बार भरतांना बोलतो. मरंल ह्यो एक दिस.”

हा त्यांच्या घरातला नियम होता. बार भरताना बोलायचं नाही. भरणाऱ्याने नाही आणि बघणाऱ्याने तर नाहीच. बोलण्यात लक्ष गेलं, दारू ओतली की नाही ते विसरलं आणि दुसऱ्यांदा ओतली, की नळी फुटून बोटं जातात. गावात कोणाची तरी गेली होती. त्यामुळे सासरे डबा उघडायचे तेव्हा अंगणातली बाई धुणं थांबवायची आणि मेहुण्याची पोरं टीव्ही बंद करायची. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी अशा वेळी चहा मागितला होता. त्याबद्दल मला अजून ऐकवतात.

आणि नियम पुरेसा वाटत नव्हता म्हणून वर एक तपासणी होती. भरण्याआधी नळीत गज सोडून बघायचा. गज बरोबर नळीच्या लांबीचा होता. तो पूर्ण आत जाऊन तोंडाशी आला तर बंदूक रिकामी. वर बाहेर राहिला तर आत बार आहे. एवढी सोपी गोष्ट, मलाही समजायची.

दसऱ्याला बंदुकीची पूजा व्हायची. हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि त्यानंतर एक बार, नुसत्या दारूचा आणि बोळ्याचा, छर्रे नाहीत. पूजेच्या दिवशी तिला उपाशी ठेवायची नाही, असं ते म्हणायचे. पूर्वी तो बार संध्याकाळी शेतात उडवायचे. टॉवर आल्यापासून उडवणं बंद झालं, पण भरणं चालू राहिलं. दसऱ्याला भरायचा आणि कोजागरीला गजाच्या टोकाला मळसूत्र लावून बोळा ओढून काढायचा, दारू मातीत ओतून टाकायची. खाऊ घालायचं आणि चार दिवसांनी पोटातून काढून घ्यायचं. मला हे जरा विचित्र वाटायचं, पण मी जावई होतो. त्या वर्षी दसऱ्याला मी समोर बसलो होतो आणि तोंड बंद ठेवून सगळं बघितलं होतं. कोजागरीला मला सर्दी झाली होती, मी गेलो नाही.

जानेवारीत पोलीस ठाण्यातून फोन आला. परवान्याची मुदत संपत होती आणि नूतनीकरणाच्या आधी हवालदार येऊन जागा बघणार होते, बंदूक बघणार होते आणि म्हाताऱ्यालाही बघणार होते. मंगळवारी येतो म्हणाले. मेहुण्याचा चेहरा उजळला. तोंडाने तो काही म्हणाला नाही, पण हवालदाराने नकार दिला तर शेत न देण्याचं कारण संपणार होतं, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही समजत होतं. सासऱ्यांनाही समजत होतं. त्यांनी आठवडाभर वालाला पाणी घातलं, निंदणी केली, बांध साफ केला. वाल फुलावर आला होता, काही वेलांना कोवळ्या शेंगा लागल्या होत्या. मला तो तुकडा कधी इतका देखणा दिसला नव्हता आणि खरं सांगायचं तर मी मनातून म्हाताऱ्याच्या बाजूने होतो. छप्पर गळणाऱ्या मेहुण्याच्या बाजूने असायला हवं होतं, पण नव्हतो.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी मी गेलो तेव्हा सासरे ओट्यावर बंदूक घेऊनच बसले होते. मेहुणा बायको-पोरांना घेऊन कुठल्याशा हळदीला गेला होता. घरात आम्ही दोघंच होतो.

“हवालदाराला बार दाखवाचा,” ते म्हणाले. “रिकामी बंदूक काय कोनी पन दाखवंल.”

मी म्हटलं, बाबा, टॉवरच्या मधे बार उडवला तर हवालदार परवाना देण्याऐवजी तुम्हालाच घेऊन जातील.

“उरवाचा न्हाय. भरलेला दाखवाचा. त्याला कलंल क हात अजून हालत न्हाय.”

त्यांनी डबा उघडला. मी सवयीने तोंड मिटलं. त्यांनी माप घेतलं, त्यात दारू भरली, बोटाने कड सारखी केली. हात खरंच हलत नव्हता. मग त्यांनी बंदूक उभी धरली आणि माप नळीच्या तोंडाकडे नेलं.

गज ओट्याच्या कडेला टेकून ठेवलेला होता. त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

मी त्या गजाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. इतक्या वर्षांत मी त्यांना हे विसरलेलं एकदाही बघितलं नव्हतं. मला वाटलं, मी यायच्या आधी त्यांनी बघून घेतलं असेल. आणि मला वाटलं, नसेल. मला भीती वाटली, आणि ती बंदुकीची नव्हती.

“बाबा,” मी म्हटलं, “दसऱ्याचा बार काढला होता ना?”

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी पुन्हा चहा मागितला की काय असं मला वाटलं.

“बार भरतांना बोलाचा न्हाय.”

“हो. पण काढला होता का?”

“काडला. कोजागरीला.”

“बरं. एकदा गज घालून बघू या.”

त्यांनी माप परत डब्यात रिकामं केलं, अगदी सावकाश, एक कण न सांडता. झाकण लावलं. गज घेतला आणि नळीत सोडला. गज आत गेला, ठप्प आवाज झाला आणि तो थांबला. टोक वर राहिलं होतं. त्यांनी टोकाला बोटं लावली, एकाला एक चिकटवून. तीन बोटं. त्यांनी गज काढला, पुसला, पुन्हा सोडला. तीन बोटं. मग त्यांनी माझा हात धरून त्या टोकावर ठेवला आणि म्हणाले, “तुमी बगा.”

मी बघितलं. माझी बोटं बारीक आहेत, मला साडेतीन वाटली. पण मी तीन म्हटलं.

ते ओट्यावर बसले. समोरच्या टॉवरवरून कबुतरांचा थवा उठला आणि वालात उतरला. त्यांनी तिकडे बघितलं नाही.

“मना आठवतं काडल्याचं,” ते म्हणाले. “बोला काडला, दारू आंब्याखाली वतली. मना दिसतं हाय डोल्यापुरं.”

“ते मागच्या वर्षीचं असेल, बाबा.”

“ह्या वर्साचं.”

त्यांनी मळसूत्र लावलं, बोळा ओढून काढला. तो सहज आला. बंदूक उलटी करून त्यांनी दारू तळहातावर घेतली, ओली आणि गुठळ्या झालेली. अंगठ्याने चोळली, वास घेतला.

“ही चांगली व्हती,” ते म्हणाले आणि ती त्यांनी तिथेच मातीत टाकली.

मग ते माझ्याकडे वळले. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि जावई म्हणून त्यांनी मला कायम मान दिला होता, पोराच्या वयाचा असलो तरी अहो-जाहोच. त्या दिवशी ते म्हणाले, “कोनाला सांगू नुको. तुज्या बायकोला पन नुको.”

मंगळवारी मी अर्धी रजा काढली. हवालदार भला माणूस होता, नाशिककडचा, त्याच्या घरी शेती होती. तो आधी वालातच शिरला. शेंगा हातात घेऊन बघितल्या, वालाची जात विचारली, पाणी कुठून देता विचारलं. बंदूक उचलून बघितली, सासऱ्यांचे कागद बघितले, त्यांना दोन-चार प्रश्न विचारले, वय, कधीपासून परवाना, शेवटचा बार कधी. सासऱ्यांनी सगळ्याची धडाधड उत्तरं दिली. मेहुणा बांधावर हाताची घडी घालून उभा होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

“सगळं व्यवस्थित आहे, बाबा,” हवालदार म्हणाला. “मी तसं लिहून टाकतो. चिंता करू नका.”

“नुको,” सासरे म्हणाले. “जमा करून घ्या.”

“काय?”

“बंदूक. जमा करून घ्या. मना नुको आता.”

हवालदाराने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने माझ्याकडे. मी वालाकडे.

“अहो पण कारण काय लिहू? सगळं ठीक तर आहे.”

“शेत न्हाय,” सासरे म्हणाले.

हवालदार गुडघाभर वालात उभा होता. त्याने खाली बघितलं, मग पुन्हा सासऱ्यांकडे.

“बाबा, आपण शेतातच उभे आहोत.”

“ह्ये शेत न्हाय,” सासरे म्हणाले. “ही जागा हाय. बिल्डरला देली. तुमी ल्हेवा, शेत न्हाय.”

मेहुणा मटकन बांधावर बसला. आनंदानेच, पण बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून मेहुण्याच्या गाडीतून पोलीस ठाण्यात नेली आणि जमा केली. सासरे पुढे बसले होते. एरवी रस्त्याने ते मला कुठे काय होतं ते दाखवत यायचे, इथे मिठागर, इथे विहीर. त्या दिवशी काही दाखवलं नाही. पोलिसांना सांगितलं ते खोटं ठरू नये म्हणून आठवड्याभरात त्यांनी स्वतःच मेहुण्याला बिल्डरला बोलवायला लावलं. शेंगा तोडायची वाटसुद्धा बघितली नाही. मेहुणा मला मिठी मारून म्हणाला, “दाजी, तुम्ही काय जादू केली बाबांवर? मी एवढी वर्सं डोकं फोडतोय.” पेढ्याचा अख्खा बॉक्स त्याने माझ्या हातात दिला. मी तो ऑफिसात वाटून टाकला, घरी नेववेना. बायकोने खूप विचारलं, बाबा असे अचानक कसे तयार झाले. मी म्हटलं, वय झालं. ती हे वाचेल तेव्हा तिला समजेल, आणि मग मला जे ऐकावं लागेल ते मी ऐकेन.

आता तिथे पत्रे लावलेत आणि आतून यंत्राचा आवाज येतो. मी अजून रविवारी जातो. सासऱ्यांची तब्येत तशी ठीक आहे, जेवतात, चालतात. माझं नाव कधी कधी त्यांना लगेच सापडत नाही, मग ते नुसतं “जावय” म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. गेल्या महिन्यात आम्ही ओट्यावर बसलो होतो. त्यांनी उजवा हात शेजारी नेला, भिंतीशी काहीतरी चाचपलं आणि हात मागे घेतला.

“जावय,” ते म्हणाले, “बंदूक कनाला देली रं मी?”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मला काही फसवत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“शेत नव्हतं ना, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी पत्र्यांकडे बघितलं आणि मान हलवली.

“हां,” ते म्हणाले. “मना वाटलं, माजंच कायतरी चुकला.”